‘घरात पडली’ असं लिहिलेल्या नोंदी

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या कुठल्याही महापालिका रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्री दहाच्या पुढे गजबजायला लागे. लोकलमधून पडलेला, दारूच्या भांडणात डोकं फुटलेला, कुत्रा चावलेला, असे सगळे एकाच बाकावर. त्यांच्यात पदराने भुवई दाबून धरलेली एखादी बाई हमखास असे. बरोबर नवरा, नाहीतर सासू. ‘काय झालं?’ असं डॉक्टरने विचारलं की उत्तर बरोबरचं माणूसच देई : ‘मोरीत पाय घसरला.’ डॉक्टर जखम धुई, चार टाके घाली, धनुर्वाताचं इंजेक्शन देई आणि केसपेपरवर लिही, घरात पडल्याने इजा. दहा मिनिटांत पुढचा पेशंट.

त्या डॉक्टरला काही कळत नसे असं मुळीच नाही. मोरीत घसरलेल्या माणसाला लागतं ते गुडघ्याला, कोपराला, नडगीला, फार तर कपाळाला. वार चुकवायला हात वर धरलेल्या माणसाचे वळ उमटतात ते मनगटापासून कोपरापर्यंत, हाताच्या बाहेरच्या बाजूला. कानशिलाखाली, पाठीवर, दंडावर पडलेले आणि वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांचे, वळ मोरीत पडून येत नाहीत. न्यायवैद्यकशास्त्राचा पेपर सोडवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. विष पिऊन आलेल्या बाईच्या कागदावर ‘चुकून प्यायली’ आणि भाजून आलेल्या बाईच्या कागदावर ‘स्टोव्ह भडकला’ असं लिहिलं जाई, तेव्हाही विभागातल्या निम्म्या माणसांना खरं काय ते उमगलेलं असे. पण आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ खाली गुन्हा होता. त्यामुळे बाई खरं सांगायला घाबरे, माहेरचे घाबरत आणि सासरच्यांना तर ते नकोच असे. आणि ‘घरगुती भानगडीत’ पडण्याचं कारण रुग्णालयालाही वाटत नसे.

पाणी, गटारं, कचरा, रस्ते आणि दवाखाने ही महापालिकेची कामं. बाईला घरात मार बसतो याचाही त्या कामांशी संबंध आहे, हे मुंबई महापालिकेच्या आरोग्य विभागाने सन २००० मध्ये मान्य केलं. तिथपर्यंत पोहोचायला अठरा वर्षं लागली.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुणीचा लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत सायनाइडच्या विषबाधेने मृत्यू झाला. तिने जिवंतपणी बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. ती पत्रं पुढे न्यायालयात वाचली गेली. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असावी, यासाठी आजही देशभरातले वकील या निकालाचा दाखला देतात. कायद्याच्या पुस्तकात हा खटला ‘शरद बिरधीचंद सारडा’ या नावाने आहे. पुण्यातल्या बायकांच्या लक्षात मात्र मंजुश्री राहिली. मध्यमवर्गीय, शिकलेल्या, चांगल्या वस्तीत राहणाऱ्या घरात असं होऊ शकतं, या धक्क्याने शहर हललं. त्याच वर्षी विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला. ‘स्त्री’ मासिकाच्या संपादनात असलेल्या विद्याताईंना वाचकांच्या पत्रांतून घराघरांतल्या कहाण्या आधीपासून कळत होत्या. आता त्या कहाण्या चौकात मांडायची वेळ आली होती.

देशभरातून असाच दबाव वाढत गेला आणि १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ आलं. पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसणार, आलेल्या बाईचं ऐकणार आणि तिला पोलिसांपर्यंत नेणार, अशी ती रचना होती. देशातला हा पहिला प्रयोग. पुढे राज्य सरकारने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. त्याचं मोल मोठं आहे.

पण पोलीस ठाण्याची पायरी बाई चढते ती सगळं करून थकल्यावर. तिथेही अनेकदा हवालदार एन.सी. लिहून घेतो, म्हणजे अदखलपात्र तक्रार, आणि ‘बाई, घरी जा, समजुतीने घ्या’ असं सांगून वाटेला लावतो. ४९८ अ खाली गुन्हा नोंदवायचा तर नवऱ्याला अटक होणार, नोकरी जाणार आणि परतीची वाट बंद होणार. बहुतेक बायकांना हवं असतं ते एवढंच, की मार थांबावा. त्यासाठी जायचं कुठे? या प्रश्नाला १९८३ च्या कायद्यात उत्तर नव्हतं.

एका ठिकाणी मात्र त्या आधीपासूनच जात होत्या. दवाखान्यात.

नव्वदच्या दशकात काही संशोधकांनी रुग्णालयांची जुनी रजिस्टरं उघडून वाचायला घेतली. शिरीन जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या जे. जे. रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या नोंदी तपासल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सुरिंदर जसवाल यांनी ठाणे जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांचे आणि रुग्णालयांचे कागद पाहिले. या कामात कोणा बाईची मुलाखतही घ्यावी लागत नव्हती. जखम कुठे, कशाने, किती वाजता, कोणी आणलं, एवढंच ओळीने वाचत गेलं तरी चित्र उभं राहत होतं. घरात मार खाल्लेल्या बायका आरोग्यव्यवस्थेत रोज येत होत्या, उपचार घेत होत्या, आणि व्यवस्था त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत होती. याच सुमारास, १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, मारहाणीबद्दल बायकांना सरकारी पातळीवर पहिल्यांदाच विचारलं गेलं. लग्न झालेल्या दर पाच बायकांपैकी एकीने पंधराव्या वर्षानंतर मार खाल्ल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त बायकांना नवऱ्याने बायकोला मारण्याचं एखादं तरी कारण रास्त वाटत होतं. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला होता. ठराव जिनिव्हात झाला, पण तो उतरायला हवा होता कुर्ल्याच्या आणि वांद्र्याच्या केसपेपरवर.

ते काम अंगावर घेतलं ‘सेहत’ या संस्थेने. आरोग्यातल्या हक्कांच्या प्रश्नांवर संशोधन करणारी ही संस्था १९९४ पासून मुंबईत काम करत होती. मलेशियात क्वालालंपूरच्या सरकारी रुग्णालयात अत्याचारग्रस्त बायकांसाठी एकाच छताखाली उपचार, समुपदेशन आणि पोलिसांशी संपर्क अशी व्यवस्था नव्वदच्या दशकातच उभी राहिली होती. तसं इथे करता येईल का, हा प्रश्न घेऊन संस्थेचे लोक महापालिकेकडे गेले. महापालिकेच्या आरोग्य विभागातून डॉ. सीमा मलिक या कामाच्या मागे उभ्या राहिल्या. त्या नसत्या तर हा प्रयोग बाहेरून आलेल्या संस्थेचा प्रकल्प म्हणून दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला असता, असं मला वाटतं. सन २००० मध्ये वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू झालं. रुग्णालयात चालणारं देशातलं हे पहिलं समुपदेशन केंद्र.

ते बाह्यरुग्ण विभागातच ठेवलं, ही त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. इमारतीच्या मागच्या बाजूला, पाटीवर ‘पीडित महिला’ असं ठळक लिहिलेल्या खोलीत कोण जाणार? शेजारीण पाहील, दीर पाहील. पण हाडांचा विभाग, कानाचा विभाग, तसा हाही एक विभाग, आणि तिथे केसपेपर घेऊन जायचं. ‘जरा दवाखान्यात जाऊन येते’ या वाक्यावर कोणत्याही घरात कोणी हरकत घेत नाही. घरातून निघायला बाईला एवढंच कारण पुरतं. पोलीस ठाण्यात जाऊन आल्याचं संध्याकाळपर्यंत चाळभर होतं, दवाखान्याचं होत नाही.

खोली मिळाली, पण खरी लढाई रुग्णालयातल्या माणसांशी होती. ओपीडीत शंभर-दीडशे पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला ‘आता हेही विचारा’ असं सांगणं सोपं नव्हतं. ‘हे आमचं काम नाही.’ ‘वेळ कुठे आहे?’ ‘तिचंही काही चुकलं असेल ना?’ ‘उद्या कोर्टात साक्षीला कोण जाणार?’ यातले शेवटचे दोन प्रश्न आजही प्रत्येक प्रशिक्षणात येतात. त्यावर ‘दिलासा’ने काढलेला मार्ग असा, की बाहेरून व्याख्याते आणून भाषणं देण्याऐवजी रुग्णालयातल्याच डॉक्टरांना, परिचारिकांना आणि समाजविकास अधिकाऱ्यांना प्रशिक्षक म्हणून तयार करायचं. सिस्टरने सिस्टरला सांगितलेलं पटतं. शिवाय परिचारिका, आयाबाई, सफाई कामगार बायका काही आभाळातून पडलेल्या नव्हत्या. त्यांच्याही घरी नवरे होते.

काय पाहायचं ते ठरवलं गेलं. जखम आणि सांगितलेलं कारण यांचा मेळ बसत नाही, कधीपासूनचं डोकं दुखणं, अंग दुखणं, झोप न लागणं आहे आणि तपासण्यांत काहीच निघत नाही, वारंवार गर्भपात होतो, विष घेतलंय. अशी बाई दिसली की बरोबरच्या माणसाला औषध आणायला खिडकीवर पाठवायचं आणि तेवढ्या वेळात विचारायचं. तेही ‘नवरा मारतो का?’ असं एकदम नाही. ‘अशा जखमा घेऊन येणाऱ्या बऱ्याच बायकांना घरी त्रास असतो, तुम्हाला कोणी काही केलंय का?’ असं. आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी तिला केंद्राचा रस्ता दाखवून ठेवायचा. आज नाही म्हणणारी चौथ्या खेपेला बोलते.

आत गेल्यावर जे होतं ते आपल्याकडच्या समजुतीच्या पद्धतीपेक्षा फार वेगळं आहे आणि माझ्या मते ‘दिलासा’चं खरं वेगळेपण तिथेच आहे. आपल्याकडे नवरा-बायकोच्या भांडणात पडणारं माणूस दोघांनाही चार शब्द सुनावतं. तू दारू सोड, तू उलट बोलू नकोस, मुलांकडे बघा, चला चहा घ्या. इथे पहिलं वाक्यच असं असतं की मारण्याचं कारण काहीही असो, मारण्याची जबाबदारी मारणाऱ्याची. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून हाताचं हाड मोडत नाही, ते कोणीतरी मोडतं. मग तिच्या सुरक्षिततेचा विचार होतो. पुन्हा हात उगारला तर बाहेर पडायला दार कुठलं, शेजारी कोण दार उघडेल, रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे कोणाकडे ठेवता येतील. घरी जाणं धोक्याचं असेल तर तिला देखरेखीसाठी म्हणून एक-दोन दिवस वॉर्डात दाखल करून घेता येतं. महापालिकेची खाट असा निवाराही देऊ शकते, हे त्याआधी कोणी वापरून पाहिलं नव्हतं. नवऱ्याला बोलवायचं का, ते तीच ठरवते. बोलावलं तरी चर्चा होते ती मारहाण कशी थांबेल यावर, तिने कसं वागावं यावर नाही.

आणि लिहिणं. कोणी मारलं, कशाने मारलं, कुठे लागलं, हे तिच्या शब्दांत केसपेपरवर आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत उतरवणं. तिला आज तक्रार करायची नसेल तर नसो. तीन वर्षांनी ती पोटगीसाठी किंवा संरक्षणासाठी न्यायालयात उभी राहिली, तर आजचा हा कागद तिच्या बाजूने बोलेल. मंजुश्रीची पत्रं तिच्या मागे राहिली होती. पण पत्रं लिहिणारी बाई विरळा आणि ती जपून ठेवणारी मैत्रीण त्याहून विरळा. सरकारी रुग्णालयाची नोंद मात्र प्रत्येकीची होऊ शकते.

२००५ मध्ये संसदेने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा केला आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक, अशी हिंसेची चार रूपं त्यात आली. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळाला. नवऱ्याला तुरुंगात न पाठवताही ‘हिच्या अंगाला हात लावायचा नाही’ असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ लागले. १९८३ च्या कायद्यात जे उत्तर नव्हतं ते इथे बरंचसं मिळालं. वैद्यकीय सुविधेचा उल्लेखही कायद्यात आला : पीडित बाईने मागणी केली तर रुग्णालयाने उपचार दिलेच पाहिजेत. वांद्र्यात सहा वर्षं चाललेलं काम आता कायद्याच्या चौकटीत बसत होतं. मात्र कायद्याचा कणा असलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांची पदं भरताना महाराष्ट्राने आधीच कामाने वाकलेल्या अधिकाऱ्यांच्या पाठीवर ‘अतिरिक्त कार्यभार’ टाकला. ज्याच्याकडे दुष्काळ, निवडणूक आणि सातबारा आहे, त्याने मार खाल्लेल्या बाईचा अहवाल लिहायचा कधी? ही चूक राज्याला महागात पडली आणि तिची किंमत बायकांनी मोजली.

महापालिकेतही सगळं सुरळीत होतं असं नाही. माणसं तयार व्हायची आणि त्यांची बदली व्हायची. समुपदेशन करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे मूळ विभागाची ड्युटीही असायची. तरीही संस्था हळूहळू मागे सरली आणि केंद्राचा रोजचा कारभार रुग्णालयाने हातात घेतला. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातही केंद्र उघडलं. ‘सेहत’च्या पद्मा भाटे-देवस्थळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळात जे काही घडलं, बिघडलं, ते नीट लिहून ठेवलं. म्हणूनच केरळमध्ये २००९ मध्ये जिल्हा रुग्णालयांत ‘भूमिका’ केंद्रं उघडताना आणि नंतर मेघालयात शिलाँगला असंच केंद्र उभं करताना वांद्र्याचा अनुभव कामी आला. स्वयंसेवी संस्थेने सुरू केलेलं काम सरकारी व्यवस्थेने आपलं म्हणून चालवणं आपल्याकडे किती क्वचित घडतं, हे या क्षेत्रात वावरलेल्या कोणालाही विचारा.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेने देश हादरला. फौजदारी कायद्याच्या २०१३ च्या दुरुस्तीने बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर तात्काळ मोफत उपचार करणं प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक झालं आणि कायद्याच्या त्या वाक्यात केंद्र आणि राज्य यांच्याबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थांची रुग्णालयंही स्पष्ट शब्दांत आली. २०१५ पासून हिंसाग्रस्त बायकांसाठी ‘सखी’ केंद्रांची योजना आली. मुंबईत राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या पैशातून ‘दिलासा’ महापालिकेच्या ११ उपनगरी रुग्णालयांत गेलं. एका खोलीपासून इथवर यायला पंधरा वर्षं लागली.

गावाकडे काय झालं, तेही सांगायला हवं. १५ ऑगस्ट २००७ रोजी तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले तंटे गावातच मिटवायचे आणि तंटामुक्त झालेल्या गावाला लोकसंख्येनुसार लाखांत बक्षीस. बांधाच्या, वाटणीच्या, पाण्याच्या भांडणांत या मोहिमेने लोकांचा पैसा आणि कोर्टाचे हेलपाटे वाचवले, हे मान्य. पण बायकोला मारणं हा तंटा नाही. तंट्याला दोन बाजू असतात आणि दोघांनी दोन पावलं मागे यायचं असतं. मार खाणाऱ्या बाईने मागे यायचं म्हणजे कुठे? मिटवलेल्या प्रकरणावर गुण मिळत असतील, तर समितीला ते मिटवायची घाई होणारच. चावडीवर, सासरच्या भावकीसमोर बसवलेली बाई ‘मिटलं’ म्हणून अंगठा उठवते, त्या कागदाची किंमत काय? त्यापेक्षा गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडण्याची, ‘आडवी बाटली’ची, तरतूद मला कितीतरी मोलाची वाटते. तिथे बाईला गप्प बसायला सांगत नाहीत, तिचं मत मोजतात. दारू थांबली की मार थांबतोच असं नाही, तरी तो निर्णय तिचा असतो. ग्रामपंचायतीला या प्रश्नात खरोखर काही करायचं असेल, तर आशाताई, अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर यांना वांद्र्याच्या सिस्टरसारखं विचारायला शिकवावं. घराघरांत त्या आधीपासूनच जातात.

आजची आकडेवारी समाधान मानावं अशी नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठे तरी मदत मागितलेल्या निघाल्या अवघ्या १४ टक्के. जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता गेली, ४९८ अ मधला गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आला आणि सरसकट आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ३०९ सारखं कलम नव्या संहितेत राहिलं नाही. विष घेतलेल्या बाईने ‘चुकून प्यायले’ म्हणायचं एक मोठं कारण त्यामुळे नाहीसं झालं. हे तिला सांगणार कोण, तर तिच्या उशाशी उभी असलेली सिस्टर.

मुंबईत हे झालं त्याला एक कारण मुंबईच्या महापालिकेकडचा पैसा, हे खरं. पण २००० मध्ये वांद्र्यात लागलं काय, तर एक खोली, दोन-चार माणसं आणि एक ठाम अधिकारी. एवढं महाराष्ट्रातल्या कोणत्याही महापालिकेला आणि बहुतेक नगरपरिषदांना परवडतं. तुमच्या शहरात पालिकेचं रुग्णालय असेल तर एकदा जाऊन चौकशी करा, की मार खाऊन आलेल्या बाईशी एकांतात बोलायला इथे जागा आहे का, आणि तिचं म्हणणं केसपेपरवर कोण लिहितं. उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारा, लेखी विचारा आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी विचारा.